साडेतीन अंशांचा फरक

नोकरीची पुढची सदतीस वर्षं जी गोष्ट मला उपयोगी पडली, ती मी पहिल्या सहा महिन्यांतच, एका संध्याकाळी शिकले. साल १९८१. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची बँकेची शाखा, तेरा-चौदा माणसं. कॉम्प्युटर आमच्यातल्या कुणी पाहिलेलाही नव्हता. दिवसभराची व्हाउचरं हातानं लिहायची, लेजरला चढवायची आणि संध्याकाळी टॅली जमवायची. जमली की कुलपं लावून घरी.

त्या दिवशी जमेना. ५४ रुपयांचा फरक येत होता. आम्ही दोघी-तिघांनी बेरजा पुन्हा केल्या, खालून वर केल्या, वरून खाली केल्या. साडेसात वाजून गेले. माझी शेवटची एसटी आठ दहाची. मी पर्समधून पैसे काढले आणि म्हटलं, "साहेब, मी भरून टाकते. उद्या सकाळी लवकर येऊन शोधते."

आमचे अकाउंटंट साहेब चष्मा पुसत होते. म्हणाले, "ते आत ठेवा. फरक भरायचा नसतो, शोधायचा असतो. त्याला नऊनं भाग जातो का बघा."

नऊ सक चोपन्न. गेला.

"म्हणजे कुणीतरी रकमेचे आकडे उलटे लिहिलेत. भागाकार सहा आला ना? मग ज्या रकमेच्या दोन आकड्यांत सहाचं अंतर आहे, तेवढ्याच व्हाउचरांवर बोट ठेवा."

वीस मिनिटांत सापडलं. ८२ च्या जागी २८ लेजरला चढले होते. अक्षर माझं होतं. एसटी गेली होती. साहेबांनी त्यांच्या घरी वहिनींना निरोप पाठवला आणि मी त्या रात्री त्यांच्याकडे राहिले.

फरक नुसता चुकीची खबर देत नाही, तर चूक कुठल्या जातीची आहे तेही तो स्वतःच सांगतो, हे त्या रात्री मला फार नवलाचं वाटलं होतं. पण हे विश्वाच्या आरंभापर्यंत जाईल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मला त्यातलं अक्षरही कळलं नसतं.

निवृत्तीनंतर मी पुण्याला लेकीकडे आले. नातवाला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत न्यायचं काम माझ्याकडे आलं. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तिथे शाळेतल्या मुलांसाठी व्याख्यान असतं. मुलं पुढे बसतात, आम्ही पोचवायला आलेली माणसं मागे. पहिल्या दोन-तीन वेळा मी विणकाम घेऊन गेले. नंतर वही नेऊ लागले. जयंत नारळीकरांची मराठी पुस्तकं आणली, मग लेकीला शेजारी बसवून थोडं इंग्रजीतलं. असं वाचता वाचता एक दिवस समोर आला तो १९६५ सालचा एक शोधनिबंध. फार तर दोन-अडीच पानांचा. शीर्षकात विश्व हा शब्द नाही, आरंभ हा शब्द नाही. ४०८० मेगासायकलवर अँटेनाचं तापमान अपेक्षेपेक्षा जास्त भरतं आहे, एवढंच. आत एक हिशेब होता. मी तो वहीत उतरवून घेतला:

आकाशाकडे तोंड केल्यावर एकूण ६.७ अंश. त्यातले हवेमुळे २.३. अँटेनाच्या धातूमुळे आणि मागून जमिनीकडून शिरणाऱ्या उष्णतेमुळे ०.९. बाकी ३.५.

मी लेकीला म्हटलं, "अगं, ही टॅली आहे."

अंश म्हणजे इथे केल्विन. शून्य केल्विन म्हणजे उणे २७३ सेल्सिअस, त्याखाली थंडी नाही. हिशेब मांडणारे दोघे होते आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन. न्यू जर्सीतल्या होमडेल गावी बेल प्रयोगशाळेची एक अँटेना होती, आडव्या ठेवलेल्या भल्यामोठ्या कर्ण्यासारखी, वीस फुटी तोंडाची. 'इको' नावाच्या उपग्रहाशी संदेशांची देवाणघेवाण करायला ती बांधली होती. ते काम संपल्यावर या दोघांनी ती मागून घेतली. आपल्या आकाशगंगेच्या भोवतालून येणाऱ्या अगदी क्षीण रेडिओलहरी त्यांना मोजायच्या होत्या. आधी अँटेनाची स्वतःची खरखर किती, ते नक्की करायला हवं. म्हणून त्यांनी द्रव हेलियमनं चार-पाच अंशांपर्यंत गार केलेला एक संदर्भस्रोत तयार केला. एकदा त्याच्याकडे बघायचं, एकदा आकाशाकडे. आपला तराजू खरा आहे की नाही हे कळायला प्रमाणित वजन टाकून बघावं तसं.

आणि साडेतीन अंश जास्त भरत होते.

पुढचं वर्षभर त्यांनी जे केलं ते वाचताना मी त्यांच्या शेजारी टेबलाशी बसल्यासारखी होते. न्यूयॉर्क शहर जवळ आहे, त्याचा गोंगाट असेल. अँटेना शहराकडे वळवली, फरक नाही. आपल्या आकाशगंगेतून येत असेल, तर आकाशाच्या एका पट्ट्यात जास्त यायला हवं. सगळीकडून सारखंच. सूर्यमालेतून येत असेल, तर ऋतू बदलले की बदलेल. जुलै १९६४ ते एप्रिल १९६५, काही बदललं नाही. १९६२ मध्ये अमेरिकेनं उंच वातावरणात अणुस्फोट केला होता, त्यातून उधळलेल्या विद्युत्भारित कणांचं हे काम असेल. मग ते हळूहळू ओसरायला हवं. ओसरलं नाही. पत्र्यांच्या सांध्यांवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी चिकटवली. कर्ण्याच्या आत कबुतरांच्या एका जोडीनं घर केलं होतं आणि आतली भिंत शिटेनं पांढरी झाली होती. कबुतरं पकडून दूरच्या गावी पाठवली, ती परत आली. शेवटी ती बिचारी मारली गेली. आतून सगळं घासून धुतलं. फरक जरासा हलला, गेला नाही.

इथे मला आणखी एका माणसाबद्दल लिहायचं आहे, कारण गोष्ट सांगताना त्याला सहसा वगळतात. याच अँटेनावर १९६१ मध्ये एडवर्ड ओह्म नावाच्या अभियंत्यानं मोजमाप केलं होतं. त्याची एकूण रक्कम आली २२.२ अंश. ओळखीच्या सगळ्या स्रोतांची बेरीज १८.९. फरक ३.३. म्हणजे तोच! पण त्याच्या मोजमापातली अनिश्चितता दोन-तीन अंशांची होती, त्यामुळे फरक त्यात सामावून गेला. ओह्मची चूक झाली असं मी म्हणणार नाही. त्याचं काम उपग्रहाचं होतं, ते त्यानं चोख केलं. पण पर्समधून ५४ रुपये काढलेला हात मला आठवतो आणि वाटतं, विश्वाचा आरंभ त्या कागदावर येऊन, तीन वर्षं तिथे बसून होता.

कागद आणखीही होते. १९४१ मध्ये अँड्रू मॅकेलर या कॅनडातल्या शास्त्रज्ञानं ताऱ्यांमधल्या पोकळीतल्या रेणूंचं तापमान काढलं होतं, २.३ अंश. ती पोकळी तेवढी तरी गरम का, हा प्रश्न कुणी पुढे नेला नाही. १९४८ मध्ये राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी कागदावर गणित मांडलं, की विश्व एके काळी अतिशय तप्त असेल तर त्याची धग अजून उरली पाहिजे आणि ती पाच अंशांच्या आसपास असावी. तेही विसरलं गेलं. व्हाउचर एका ड्रॉवरमध्ये, लेजर दुसऱ्या कपाटात आणि फरक तिसऱ्याच्या टेबलावर. बँकेत हे मी किती वेळा पाहिलं! होमडेलपासून पन्नास-एक किलोमीटरवर प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट डिकी आणि त्यांचे सहकारी तर हीच धग शोधण्यासाठी उपकरण जोडत होते. पेन्झियास यांचा फोन तिथे गेला तेव्हा दोन्ही कागद पहिल्यांदा एका टेबलावर आले.

आता ती धग म्हणजे काय, हे मला जसं समजलं तसं सांगते. महास्फोट हा शब्द माझ्या फार दिवस आड आला. स्फोट म्हटलं की एक जागा डोळ्यांसमोर येते, बाहेरचा अंधार येतो आणि मधोमध फुटलेला गोळा. तसं काही नव्हतं. तो शब्दही मुळात विरोधकाचा आहे. फ्रेड हॉईल यांनी १९४९ मध्ये बीबीसीच्या रेडिओवर तो पहिल्यांदा वापरला आणि त्यांना तो सिद्धांत मान्य नव्हता. खरी गोष्ट फुटण्याची नाही, पसरण्याची आहे. १९२७ मध्ये बेल्जियममधले धर्मगुरू आणि गणिती जॉर्ज लमेत्र आणि १९२९ मध्ये एडविन हबल यांनी दाखवलं, की दीर्घिका एकमेकींपासून लांब जात आहेत. मग उलट दिशेनं हिशेब केला, तर काल सगळं आजच्यापेक्षा जवळ होतं, म्हणजे दाट, म्हणजे गरम. मागे मागे जात सुमारे १३८० कोटी वर्षांपर्यंत पोचलं, की सगळीकडे एकच रटरटणारा रस. मध्य नाही, कडा नाही.

त्या रसात प्रकाश होता, पण तो सुटत नव्हता. सुट्या इलेक्ट्रॉनांवर आदळून पावलोपावली दिशा बदलत होता. पावसाळ्यात पसरणी घाट चढताना आपण ढगात शिरतो तेव्हा असंच होतं. उजेड चहूकडून येतो आणि समोरची बस दिसत नाही. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं झालं, तापमान ३००० अंशांपर्यंत उतरलं, इलेक्ट्रॉन अणूंमध्ये जाऊन बसले आणि धुकं एकदम विरलं. त्या घडीला सुटलेला प्रकाश अजून वाटेत आहे. वाट मात्र तेव्हापासून ताणत गेली, सुमारे अकराशे पटीनं. तिच्याबरोबर प्रकाशाच्या लाटाही ताणल्या, डोळ्यांना दिसेनाशा झाल्या, रेडिओलहरींच्या पट्ट्यात उतरल्या. ३००० अंश भागिले ११००. आज काटेकोर मोजलेलं उत्तर आहे २.७२५.

याला पुस्तकांत पार्श्वप्रारण म्हणतात. नाव परकं वाटतं, पण ते आपल्या इतकं जवळ आहे की मला ते कळल्यावर रात्रभर झोप आली नाही. पोकळीच्या एका घन सेंटीमीटरात त्या प्रकाशाचे सुमारे ४१० कण असतात. उघड्या आकाशाखाली ठेवलेल्या रिकाम्या काडेपेटीत या क्षणी नऊ-दहा हजार. आणि ते मी पाहिले आहेत. १९८५ च्या सुमारास आमच्याकडे टीव्ही आला, ब्लॅक अँड व्हाइट. वारा सुटला की गच्चीवरची अँटेना फिरायची आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग हे वर जायचे, पाइप फिरवायचे, लेक खिडकीत आणि मी टीव्हीपाशी. वरून हाक यायची, "आलं का?" मी म्हणायची, "नाही, मुंग्याच आहेत." लेक ते खिडकीतून वर पोचवायची. स्टेशन लागलेलं नसताना टीव्ही हाती येईल तो सगळा गोंधळ पडद्यावर आणतो, शेजारच्या मोटारीचा, त्याच्या स्वतःच्या आतला आणि आकाशातलाही. शंभर मुंग्यांतली साधारण एक त्या धुक्यातून निघालेली असायची. १३८० कोटी वर्षं चालून ती आमच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत पोचायची आणि आम्ही म्हणायचो, काही येत नाही.

हे जाऊन चार वर्षं झाली. गावच्या घरी तो पाइप गच्चीवर अजून आहे, वाळत घालायची दोरी त्याला बांधली आहे.

हेन्रिएटा लेव्हिट यांच्याकडे मी जरा उशिरा पोचले. त्या माझ्या सर्वांत जवळच्या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हार्वर्डच्या वेधशाळेत आकाशाचे फोटो काचेच्या तावदानांवर घेत आणि ती तावदानं तपासायला बायका नेमलेल्या असत. त्यांच्या हुद्द्याचं नाव होतं कॉम्प्युटर, म्हणजे हिशेबनीस. लेव्हिट यांना ताशी ३० सेंट मिळत. दुर्बिणीतून आकाश बघायचं काम त्यांचं नव्हतं. त्यांना ऐकू कमी येई. भिंग घेऊन, उजेडावर धरलेल्या काचेवरचे बारीक काळे ठिपके त्या मोजत आणि वहीत लिहीत. मॅजेलनचा लहान मेघ म्हणून ताऱ्यांचा एक पुंजका आहे. त्यातले काही तारे ठरावीक दिवसांनी उजळतात आणि मंदावतात. १९१२ मध्ये अशा २५ ताऱ्यांचा तक्ता त्यांनी मांडला, तेव्हा दिसलं की ज्या ताऱ्याचा फेरा लांब, तो तारा जास्त तेजस्वी. आमच्या गावातून रात्री डोंगरावर पाचगणीचे दिवे दिसतात. सगळे जवळपास सारख्याच अंतरावर, म्हणून त्यातला जो जास्त उजळ दिसेल तो खरोखरच जास्त उजळ. मेघातल्या ताऱ्यांचं तेच. आता असा तारा कुठेही दिसू द्या, किती दिवसांनी उजळतो ते बघा, त्यावरून त्याचं खरं तेज कळतं आणि खरं तेज व दिसणारं तेज यांच्या वजाबाकीतून अंतर हाती येतं. हबल यांना १९२३ मध्ये देवयानीच्या तेजोमेघात असा एक तारा सापडला आणि देवयानी आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर आहे हे कळलं. लेव्हिट १९२१ मध्येच गेल्या होत्या.

त्यांच्या पद्धतीनं निघालेला विश्वाच्या पसरण्याचा वेग आणि त्या जुन्या प्रकाशावरून निघालेला वेग आज जुळत नाहीत. एकीकडे ७३, दुसरीकडे ६७ (ज्या एककात हे मोजतात ते राहू द्या). दोन शाखांची पुस्तकं जुळत नसताना हेड ऑफिसची माणसं जशी दोन्हीकडे खेपा घालतात, तसं चाललं आहे. काहींना वाटतं अंतरं मोजण्यात कुठेतरी बारीक चूक आहे, काहींना वाटतं भौतिकीतच एखादी नोंद राहिली आहे. मला हा वाद ऐकताना समाधान वाटतं. कुणी खिशातून सहा काढून देत नाही.

त्याहून मोठी रक्कम सस्पेन्स अकाउंटला पडून आहे. ज्या पैशाचा धनी कळत नाही तो बँकेत तिथे ठेवतात आणि दर तपासणीला त्याचा जाब द्यावा लागतो. आपल्याला माहीत असलेलं द्रव्य, म्हणजे तारे, ग्रह, धूळ, वायू, तुम्ही, मी, हे सगळं मिळून विश्वाच्या जमेत फक्त ५ टक्के. २७ टक्के कृष्णद्रव्य. दीर्घिका ज्या वेगानं फिरतात त्यावरून ते आहे हे नक्की, पण ते कशाचं आहे हे नाही. उरलेली ६८ टक्के कृष्णऊर्जा. १९९८ मध्ये दूरच्या स्फोटक ताऱ्यांच्या अभ्यासातून प्रसरणाचा वेग वाढतो आहे असं दिसलं, तेव्हापासूनची ही नोंद. हे आकडे ऐकून, म्हणजे शास्त्रज्ञांना काहीच कळत नाही तर, असं म्हणणारी माणसं भेटतात. मला उलट वाटतं. ९५ टक्के सस्पेन्सला आहे हे जाहीर लिहिणारा हिशेब खोटा असणं कठीण.

नारळीकरांचा ताळा मात्र निराळा होता आणि हे लिहिताना मला ते सारखे आठवतात. १९६४ मध्ये, होमडेलला अँटेना आकाशाकडे वळत होती त्याच वर्षी, केंब्रिजमध्ये पंचविशीतल्या नारळीकरांनी गुरू हॉईल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. हॉईल यांचं विश्व स्थिर स्थितीतलं. ते पसरतं, पण मोकळ्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य जन्मत राहतं, म्हणून ते कायम सारखंच दिसतं. त्या वहीला पहिलं पान नाही. गंमत अशी, की विल्सन यांनीही विश्वरचनेचे पाठ हॉईल यांच्याकडेच घेतले होते आणि त्यांनाही स्थिर स्थितीच पटत असे. त्यांच्याच मोजमापानं ती अडचणीत आली. बहुतेकांनी बाजू सोडली. नारळीकरांनी सोडली नाही. १९९३ मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी सिद्धांताला नवं रूप दिलं आणि तो पार्श्वप्रकाश ताऱ्यांच्याच उजेडातून, लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंमुळे तयार होऊ शकतो अशी मांडणी केली.

माझ्यापुरतं उत्तर मला १९९० च्या आलेखात मिळालं. कोबे उपग्रहानं मोजलेले त्या प्रकाशाचे बिंदू जॉन मॅथर यांनी अमेरिकेतल्या खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत पडद्यावर दाखवले. पूर्णपणे तापून समतोल झालेल्या वस्तूच्या उष्णतेचा आलेख जसा असायला हवा, त्या रेषेवर ते बिंदू तंतोतंत बसले होते आणि सभा उभी राहून टाळ्या वाजवत होती. लोखंडाच्या तंतूंतून इतकं चोख जुळेल असं मला वाटत नाही. तरीही नारळीकर आयुष्यभर ज्या जागी उभे राहिले ती जागा मला रिकामी नको होती. सगळी शाखा जमलं म्हणते तेव्हा, मला व्हाउचर दाखवा, असं म्हणणारा एक माणूस लागतो. त्यांनी ते कधी आवाज चढवून म्हटलं नाही. शाळेतली मुलं सही मागायला आली की ते म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही येईल. २० मे २०२५ ला ते गेले. माझ्याकडे पोस्टकार्ड होतं, प्रश्नही होता. तो मी पाठवला नाही.

प्रश्न होता, त्याच्या आधी काय. सगळेच हा प्रश्न विचारतात. माझ्या वयाच्या मंडळींत लगेच कुणीतरी नासदीय सूक्ताचं नाव घेतं आणि हे सगळं आपल्याकडे आधीच लिहून ठेवलं आहे असं म्हणतं. मला त्यात दोघांवरही अन्याय दिसतो. सूक्त विचारतं, ती त्याची थोरवी. होमडेलची माणसं मोजतात, ती त्यांची. एकाचं श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर टाकू नये. प्रश्नाचं उत्तर मला जेवढं समजतं ते असं. लेजरच्या प्रत्येक पानावर पहिली ओळ मागील शिल्लक असते. आजचं विश्वशास्त्र त्या ओळीपासून पुढचं सगळं फार चांगलं सांगतं. पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन किती आणि हेलियम किती तयार झाला, वजनात साधारण तीन भागाला एक, तेही ते सांगतं आणि आकाशात तसंच सापडतं. मागील शिल्लक कुठून आली, ते त्या पानावर लिहिलेलं नाही.

पण त्या पहिल्या पानावर एक नोंद अशी आहे, की तिच्यापुढे मी आजही थांबते. सुरुवातीच्या रसात द्रव्य होतं तसं प्रतिद्रव्यही होतं. कण आणि प्रतिकण भेटले की दोघंही संपतात, प्रकाश उरतो. दोन्ही बाजू सारख्या असत्या तर सगळं एकमेकांत वजा होऊन गेलं असतं. जमा तितका खर्च, बाकी शून्य. तसं झालं नाही. दर अब्ज प्रतिकणांमागे साधारण एक अब्ज एक कण होते. अब्ज जोड्या जळून गेल्या, वरचा एक राहिला. त्या एकाएकातून पुढे सगळे तारे झाले, सह्याद्री झाला, साहेबांचा चष्मा झाला. जळालेल्यांचा प्रकाश त्या मुंग्यांमध्ये मिसळला. तो एक जास्त का होता, याचं कारण अजून सापडलेलं नाही. आयुष्यभर मी फरक शून्यावर आणून घरी गेले. हे वाचलं त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, बरं झालं तेव्हा टॅली जमली नाही.

गेल्या फेब्रुवारीत, विज्ञान दिनाला, नातवाबरोबर खोडदला गेले. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावहून आत वळलं की द्राक्षांचे मांडव आणि कांद्याच्या वाफ्यांमागे एकदम त्या तबकड्या दिसतात. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली ही जीएमआरटी दुर्बीण. एकूण ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ मधोमध, बाकीच्या तीन फाट्यांवर पार २५ किलोमीटरपर्यंत शेता-डोंगरांत विखुरलेल्या. मी तबकडी म्हणजे भरीव पत्रा समजत होते. जवळ गेल्यावर कळलं, ती जाळी आहे. पोलादी दोरांवर ताणलेल्या बारीक तारांची, चाळणीसारखी. आरपार आभाळ दिसतं आणि वारा निघून जातो. लांब लहरींना ती भोकं जाणवतच नाहीत. आत शिरताना मोबाइल बंद करायला सांगतात, कारण इथे जे ऐकायचं आहे त्यापुढे आपला मोबाइल म्हणजे ढोलताशा.

मुलांच्या प्रकल्पांच्या मांडवात एक संशोधक मुलगी समजावून सांगत होती. धुकं विरल्यानंतर फार मोठा काळ विश्वात एकही तारा नव्हता, नुसता हायड्रोजन होता. त्या हायड्रोजनची खूण, निघताना २१ सेंटीमीटर लांबीची आणि आता ताणून काही मीटरची झालेली, अशा दुर्बिणींनी शोधतात. पहिले तारे कधी पेटले ते त्यावरून कळेल. पण तिच्यावर आपल्या आकाशगंगेची खरखर हजारो पटींनी जास्त चढलेली आहे. ती वजा करायची, इतर दीर्घिकांची वजा करायची, वातावरणाची, उपकरणाची, गावातल्या विजेच्या तारांची.

मी विचारलं, "मग बाकी किती राहते?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "अजून बाकीपेक्षा आमची चूक मोठी आहे, आजी. एवढ्यापेक्षा जास्त नाही, इतकंच सांगता येतं."

"मग?"

"मग पुन्हा पहिल्यापासून. कुठलं वजा करायचं राहिलंय ते बघायचं." आणि ती पुढच्या मुलांकडे वळली.

बाहेर आले तेव्हा ऊन कललं होतं. मैदानातली तबकडी हलायला लागली होती. आवाज नाही, घाई नाही, नुसती कड हळूहळू आभाळावरून सरकत होती. पाचची गाडी होती आणि नातू हात धरून ओढत होता. त्याला म्हटलं, थांब जरा, ती कुठे वळते ते बघू दे.